पन्नास अक्षरांत कंपनी

वाय कॉम्बिनेटरचा अर्ज साहित्य म्हणून कुणी वाचत नाही, तो भरायचा असतो. पण गेल्या दोन महिन्यांत मी तो इतक्या वेळा वाचलाय, की त्यातला निवेदक मला आता ओळखीचा वाटतो. कमी बोलणारा माणूस आहे. तुमची कंपनी काय करते ते पन्नास अक्षरांत सांगा, म्हणतो. पन्नास शब्दांत नाही, अक्षरांत, आणि मधल्या मोकळ्या जागाही मोजतो. पुढे विचारतो की तुम्ही दोघं एकमेकांना कधीपासून ओळखता, कोड कोण लिहितं, काम कुठवर आलंय, कुणी वापरतंय का. एक मिनिटाचा व्हिडिओ मागतो आणि त्यात सजावट नको म्हणतो. संगणक सोडून दुसऱ्या एखाद्या व्यवस्थेला तुम्ही कधी शिताफीने वाकवलंत का, असाही एक प्रश्न त्यात बरीच वर्षं होता. (आमच्या कॉलेजात अटेंडन्सच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणार नाही असा एकही मुलगा नव्हता. मुलीही नव्हत्या.)

बारावीनंतर मी जितके फॉर्म भरले त्या सगळ्यांना माझी टक्केवारी, वडिलांचं उत्पन्न आणि तीन प्रती साक्षांकित करून हव्या होत्या. हा फॉर्म त्यातलं काही मागत नाही. तुम्ही काय बनवलंत एवढंच त्याला कळून घ्यायचंय, आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी असं कुणी विचारलं की माणूस भुलतो. या मजकुराची टीका करण्याआधी हे श्रेय त्याला द्यायला हवं. चांगला लिहिलेला फॉर्म आहे.

तो माझ्याकडे आला दोन मित्रांमुळे. एकाच्या वडिलांचं भोसरी एमआयडीसीत चार प्रेसचं वर्कशॉप आहे. चाकणच्या मोठ्या गाड्यांच्या कंपन्या, त्यांना माल देणारे मोठे व्हेंडर, आणि त्या व्हेंडरना छोटे ब्रॅकेट, वॉशर, क्लॅम्प पत्र्यातून ठोकून देणारे हे लोक. अशी शेकडो वर्कशॉप्स भोसरी, चिखली, तळवड्यात आहेत. प्रेसच्या डायला ठरावीक स्ट्रोकनंतर धार लावावी लागते. उशीर झाला तर पार्टला बर येते, लॉट रिजेक्ट होतो, डेबिट नोट येते. लवकर काढली तर डायचं आयुष्य वाया जातं आणि प्रेस बसून राहते. आतापर्यंत ही वेळ ऑपरेटर आवाजावरून ओळखायचा. मित्रांनी प्रेसला एक सेन्सर लावला, स्ट्रोक मोजले, डायप्रमाणे हिशोब ठेवला, आणि धार लावायची वेळ आली की सुपरवायझरच्या फोनवर मराठीत निरोप जाईल अशी सोय केली. आठ वर्कशॉप्स पैसे देऊन ते वापरतात. मी हिंजवडीत नोकरी करते आणि शनिवार-रविवार त्यांचा सर्व्हर सांभाळते. ‘तू लिहितेस ना, मग अर्ज बघ जरा,’ असं मला सांगण्यात आलं.

पहिल्याच ओळीवर भांडण झालं. पहिला मसुदा होता, ‘डायला धार कधी लावायची ते प्रेस शॉपला सांगतो.’ इंग्रजीत हे ४३ अक्षरांत बसलं होतं. दुसऱ्या मित्राने आधी निवड झालेल्या कंपन्यांच्या ओळी वाचल्या होत्या, त्यामुळे त्याने ते खोडून लिहिलं, ‘जागतिक मेटल फॉर्मिंगची ऑपरेटिंग सिस्टिम.’ ४१ अक्षरं. दोन अक्षरं वाचली आणि काकांचं वर्कशॉप वाक्यातून गेलं.

गंमत म्हणजे ॲक्सिलरेटरचा स्वतःचा सल्ला पहिल्या ओळीच्या बाजूचा आहे. साधं लिहा, जाहिरातीची भाषा नको, असं ते वर्षानुवर्षं सांगताहेत. पॉल ग्रॅहम यांनी जेसिका लिव्हिंगस्टन, रॉबर्ट मॉरिस आणि ट्रेव्हर ब्लॅकवेल यांच्यासोबत २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला हे सुरू केलं. सुरुवातीला माणशी सहा हजार डॉलरच्या आसपास द्यायचे. पहिल्या तुकडीत रेडिट होतं, पुढे ड्रॉपबॉक्स, एअरबीएनबी, स्ट्राइप आले. आपल्याकडचे क्लिअरटॅक्स, रेझरपे, मीशो, ग्रो, झेप्टो हे सगळे याच दारातून गेले. ग्रॅहम यांचे निबंध या दाराचं धर्मशास्त्र आहे, आणि गद्य म्हणून ते खरंच चांगले आहेत. वाक्यं छोटी, शब्द रोजचे, शंका जवळजवळ नाहीच. मराठीत तंत्रज्ञानावर इतकं स्वच्छ लिहिणारं कुणी मला आठवत नाही.

पण ते ज्या ‘तुम्ही’ला उद्देशून लिहितात तो कोण आहे, हे बघायला हवं. २०१३ च्या एका गाजलेल्या निबंधात ते सांगतात की सुरुवातीला मोठ्या प्रमाणावर न करता येण्यासारखी कामं हातानेच करा, ग्राहकाच्या दारात जा, त्याच्या लॅपटॉपवर स्वतः बसवून द्या. हा सल्ला कॉम्प्युटरवाल्या तरुणांना क्रांतिकारक वाटला. भोसरीत तो सांगून बघा. काका तीस वर्षं स्कूटरच्या डिकीत सँपल घेऊन चाकणला जाताहेत. फरक एवढाच, की निबंधातल्या माणसासाठी हा पहिला टप्पा असतो आणि पुढच्या परिच्छेदात तो संपतो. व्हेंडरसाठी तो धंदाच असतो.

२०१२ च्या दुसऱ्या एका निबंधात स्टार्टअप म्हणजे वाढ, असं समीकरण आहे. कार्यक्रमाच्या काळात आठवड्याला पाच ते सात टक्के वाढ चांगली, असा आकडाही आहे. मी इंजिनिअर आहे, आकडा दिला की गणित करते. आठवड्याला सात टक्के म्हणजे वर्षाला साधारण ३४ पट. आज आठ वर्कशॉप्स आहेत, वर्षाने सुमारे २७० हवीत आणि दोन वर्षांनी नऊ हजारांच्या वर. भोसरी, चाकण, तळवडे, रांजणगाव, मग नाशिक, संभाजीनगर, राजकोट, कोइमतूर, मानेसर असं सगळं पालथं घालावं लागेल. अशक्य म्हणत नाही मी. पण एका वर्कशॉपला हे बसवायचं तर आधी मालकाशी तीन वेळा चहा होतो, मग एका प्रेसवर महिनाभर ट्रायल, मग ‘दिवाळीच्या शटडाऊननंतर बघू’. या ग्राहकाचा आठवडा आणि निबंधातला आठवडा एकाच लांबीचे नाहीत. शिवाय पैसे. लघुउद्योगांची बिलं ४५ दिवसांत द्यावीत असं कायदा सांगतो, आणि २०२३-२४ पासून आयकर कायद्यातही त्याला दात लावले गेले. काकांना मात्र अजूनही नव्वद दिवस धरून चालावं लागतं. ज्याचे स्वतःचे पैसे तीन महिन्यांनी येतात तो आपल्या ॲपचे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला देईल, ही कल्पना कॅलिफोर्नियात सुचू शकते.

आता कराराकडे. २०२२ पासूनचा प्रमाण करार असा: एकूण पाच लाख डॉलर. त्यातले सव्वा लाख सात टक्क्यांच्या बदल्यात. उरलेले पावणेचार लाख अशा अटीवर, की पुढचा गुंतवणूकदार ज्या सर्वांत चांगल्या अटींवर येईल त्याच अटी ॲक्सिलरेटरला लागू. दोन्ही पैसे ‘सेफ’ नावाच्या कागदावर दिले जातात. हा कागदही त्यांनीच २०१३ मध्ये तयार केला आणि २०१८ मध्ये सुधारला. मोजकी पानं आहेत, आणि कायद्याच्या कागदांत इतकं वाचनीय मी दुसरं काही पाहिलं नाही. व्याज नाही, परतफेडीची तारीख नाही, तारण नाही.

मित्राने हे काकांना समजावलं तेव्हा मी तिथेच होते.

‘व्याज किती?’
‘नाही.’
‘परत कधी करायचे?’
‘करायचेच नाहीत, पप्पा.’
‘आणि बुडाले तर?’
‘बुडाले.’

काकांनी जरा विचार केला. ‘असे पैसे फक्त सासरा देतो,’ ते म्हणाले. ‘आणि मग तो घरात बोलतो.’

मला या करारावर याहून नेमकी टिप्पणी अजून कुठे वाचायला मिळालेली नाही. काकांचा इंद्रायणीनगरचा फ्लॅट सीसी लिमिटसाठी बँकेकडे तारण आहे. दुसरी प्रेस घेतली तेव्हापासून आहे. बँकेचा कागद निर्दयी असतो, पण त्यात शेवटचा हप्ता असतो. तो भरला की बँक मॅनेजर रस्त्यात भेटला तरी ओळख दाखवायची गरज नाही. सेफमध्ये अपयशाला माफी आहे, जी बँकेत नाही. यशाला मात्र शेवटचा हप्ता नाही. माझ्या मित्रांच्या पिढीसाठी हा सौदा वाईट आहे असं मला अजिबात वाटत नाही. घर तारण ठेवून शिकण्यापेक्षा दुसऱ्याच्या पैशाने शिकलेलं बरं. मात्र सेफ हे नाव कुणाच्या सोयीचं आहे, ते करार वाचताना दोन्ही बाजूंनी वाचावं.

एक हिशोब करून बघा. समजा पुढचा गुंतवणूकदार पन्नास लाख डॉलरच्या कॅपवर आला. मग त्या पावणेचार लाखांचे साडेसात टक्के झाले. आधीचे सात. एकूण साडेचौदा.

साडेचौदा हा आकडा आमच्या भागात ओळखीचा आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये आकुर्डीच्या बजाज ऑटोने ऑस्ट्रियातल्या केटीएममध्ये घेतलेला पहिला हिस्सा नेमका १४.५ टक्के होता. माटिगहोफेन नावाच्या छोट्या गावातली ही मोटरसायकल कंपनी. छोटी इंजिनं, स्वस्त उत्पादन आणि आशियाचा बाजार या तिन्ही गोष्टी तिला हव्या होत्या. २०११ पासून छोट्या ड्यूक चाकणमध्ये बनून युरोपला जाऊ लागल्या, जानेवारी २०१२ मध्ये २०० ड्यूक इथल्या रस्त्यावर आली, आणि आमच्या कॉलेजच्या पार्किंगमधला वर्गसंघर्ष नारंगी रंगाचा झाला. हिस्सा वाढत वाढत ४८ टक्क्यांच्या जवळ गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये न विकलेल्या गाड्यांच्या आणि कर्जाच्या ओझ्याखाली केटीएमने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. २०२५ मध्ये बजाजने ८० कोटी युरोंची तजवीज करून ती वाचवली, आणि त्या वर्षअखेरीपर्यंत कंपनीचा ताबा आकुर्डीकडे आला.

युरोपातल्या संस्थापकाने परदेशी भागीदाराला छोटा हिस्सा द्यावा का, या प्रश्नाची सगळ्यांत लांब चाललेली केस स्टडी आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये आहे, आणि तिच्यात गुंतवणूकदार आपण आहोत. आज बर्लिनमध्ये बसलेली दोन मुलंही हाच अर्ज भरत असतील. जर्मन जीएमबीएचचे शेअर हलवायचे तर नोटरीपुढे बसावं लागतं, म्हणून वैतागत असतील, आणि सात टक्के फार की थोडे यावर रात्री वाद घालत असतील. त्यांना मी केटीएमचा इतिहास वाचायला सांगेन. साडेचौदा टक्क्यांनी कंपनी गेली नाही. कंपनी अडचणीत आली तेव्हा आधीच घरात असलेला माणूस कोण होता, ते त्या साडेचौदा टक्क्यांनी ठरवलं. आणि तो तिथे होता म्हणून कारखाना वाचला, हेही खरंच आहे.

पण बजाजने पैशाबरोबर काम आणलं होतं. काकांनी मित्राला विचारलेला दुसरा प्रश्न तोच होता: ‘सात टक्के घेतात, मग ऑर्डर किती देणार?’ आम्ही हसलो, पण या पट्ट्यात भागीदाराचा अर्थ तसाच आहे. त्याआधीच्या पिढीत तर भागीदारीचा कागदच वेगळा होता. टेल्को आणि डायम्लर-बेंझचा करार १९५४ चा, पंधरा वर्षांचा. १९६९ मध्ये तो संपला आणि ट्रकवरचा तारा गेला. बजाजने पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली, १९७१ मध्ये परवान्याचं नूतनीकरण झालं नाही, आणि १९७२ मध्ये चेतक आली. त्या करारांत रॉयल्टी होती, अपमान होते, परवाना राजचे सगळे तिढे होते. पण त्यांना मुदत होती, आणि मुदत संपेपर्यंत शिकून घ्यायचं, हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. ॲक्सिलरेटरचा कार्यक्रम तीन महिन्यांत संपतो. त्याचा हिस्सा तुमची कंपनी विकली जाईपर्यंत, बुडेपर्यंत किंवा शेअर बाजारात येईपर्यंत राहतो.

आणि कंपनी कुठली, हा प्रश्न उरतोच. हे पैसे भोसरीत नोंदलेल्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये थेट येत नाहीत. अमेरिका, सिंगापूर, केमन बेटं अशा मोजक्या ठिकाणची मूळ कंपनी लागते. म्हणजे बहुतेक वेळा डेलावेअरमध्ये एक कंपनी काढायची, तिला इथल्या कंपनीची मालक करायची, आणि स्वतः तिचे भागधारक व्हायचं. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर कोड तोच, फक्त रूट डिरेक्टरी बदलली. बदलायला सोपं आहे. परत आणणं किती महाग, ते गेल्या काही वर्षांत दिसलं. फोनपेने २०२२ मध्ये सिंगापूरहून मुक्काम भारतात हलवला तेव्हा गुंतवणूकदारांना सुमारे आठ हजार कोटी रुपये कर भरावा लागला, असं कंपनीच्या प्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं. २०१८ च्या तुकडीतल्या ग्रोने २०२४ मध्ये डेलावेअरहून परतताना सुमारे १,३४० कोटींचा कर भरला आणि त्यामुळे ते वर्ष तोट्यात दाखवलं. शेअर बाजारात यायचं तर ग्राहक जिथे आहेत तिथेच यायचं होतं, म्हणून हे सगळे परतले.

यात दोष सगळा अमेरिकेचा नाही. २०१२ ते २०२४ आपल्याकडे एंजल टॅक्स होता. कुणी तुमच्या कंपनीत सरकारला पटेल त्याहून जास्त किमतीला पैसे घातले तर वरचा भाग उत्पन्न धरून त्यावर कर. बाहेर जाणाऱ्यांना हाकलायला तेवढं पुरेसं होतं. पण बाहेर ठेवलेल्या पैशाचीही एक रात्र असते. १० मार्च २०२३ ला सिलिकॉन व्हॅली बँक बंद झाली तेव्हा ज्यांची माणसं, ऑफिसं, ग्राहक सगळं भारतात होतं अशा कितीतरी कंपन्यांचे पगाराचे पैसे तिथे अडकले. विमा फक्त अडीच लाख डॉलरपर्यंत होता. रविवारी अमेरिकन सरकारने सगळ्या ठेवींची हमी घेतली म्हणून सोमवार उजाडला. त्या शनिवारी माझ्या ओळखीतला एक जण पगार होणार का हे विचारायलाही लाजत होता, कारण उत्तर मालकालाही माहीत नव्हतं.

मग इथले पर्याय? चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये महापालिकेचं इन्क्युबेशन सेंटर आहे, पाषाणला एनसीएलचं व्हेंचर सेंटर आहे, आणि २०२१ पासून केंद्राची सीड फंड योजना आहे. तिच्यात प्रोटोटाइपसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान आणि पुढे पन्नास लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय रोखे मिळू शकतात. अर्ज करताना भारतीय प्रवर्तकांकडे किमान ५१ टक्के हिस्सा हवा, ही तिची अट. वीस लाखांत आमच्या मित्रांचं वर्षभराचं काम निघेल, आणि भोसरी भोसरीतच राहील. पण या योजनांचं गद्य वाचवत नाही. तुम्ही कोण आणि पात्र आहात का, यातच त्यांचा सगळा जीव जातो. तिकडचा फॉर्म शंभरातल्या नव्व्याण्णवांना नकार देतो आणि तरीही भरणाऱ्याला वाटतं, आपल्याला कुणीतरी नीट विचारलं. इकडच्या फॉर्ममध्ये मंजुरी मिळालेल्यालाही तसं वाटत नाही. सरकारने फार पैसे वाढवू नयेत, फक्त तो फॉर्म लिहायला एखादा बरा लेखक नेमावा, असं मला गंभीरपणे वाटतं.

माझं मत मी मित्रांना सांगितलं. अर्ज भरा, कारण तो भरताना आठ ग्राहकांबद्दल जेवढं कळलं तेवढं वर्षभरात कळलं नव्हतं. पहिली ओळ जुनीच ठेवा. निवड झालीच तर पैसे घेण्याआधी सीएकडे जाऊन फक्त परतीचा खर्च विचारा. आणि त्याच्या समांतर सीड फंडाचा कंटाळवाणा अर्जही टाका. एकाला हे पटलं. दुसऱ्याला मी घाबरट वाटते. वीस लाख घेऊन आठाची अठरा वर्कशॉप्स होतील, आणि तोपर्यंत चेन्नईतलं कुणीतरी नऊ हजार गाठेल, असं त्याचं म्हणणं. ते चूक आहे असं मी सिद्ध करू शकत नाही. साथीच्या काळात हा कार्यक्रम ऑनलाइन होता, तेव्हा भोसरीत बसून करता आला असता. आता तीन महिने सॅन फ्रान्सिस्कोला राहावं लागतं, आणि त्या तीन महिन्यांत आठ वर्कशॉप्समधले सेन्सर कोण बघणार, यावर दोघांचीही नजर माझ्याकडे वळते.

अर्ज आता जवळजवळ पूर्ण आहे. पहिली ओळ ४३ अक्षरांचीच राहिली. व्हिडिओ काकांच्या वर्कशॉपमध्ये काढला. मागे प्रेस चालू होती म्हणून आवाज नीट येत नाही, तरी तोच ठेवायचा असं ठरलं. एक रकाना तेवढा बाकी आहे. तुम्ही आता कुठे राहता, आणि कार्यक्रमानंतर कंपनी कुठे असेल, असं तो विचारतो. शहर, देश, तिरकी रेघ, शहर, देश. रेघेच्या डावीकडे भरून झालंय.